किलोवर न जाणारा मासा

आमचं गाव वरठी, पण गावातल्या रेल्वे स्टेशनचं नाव भंडारा रोड. हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लाइनवर 'भंडारा' एवढंच वाचून घाईघाईत उतरलेला नवखा पाहुणा बाहेर येतो आणि ऑटोवाल्याला विचारतो, "भंडारा कुठं आहे जी?" ऑटोवाला हात लांब करतो. "हे काय, दहाएक किलोमीटर." नाव एक आणि वस्तू दुसरी, याची आम्हाला जन्मापासून सवय आहे. त्यामुळे स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका सलूनमध्ये काचेच्या पेटीत पांढराफटक मासा पाहून मी "हा कोणता?" असं विचारलं आणि सलूनवाला भाऊ वस्तरा पुसत म्हणाला, "गोल्डफिश हाय, सर," तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही.

खटकलं ते केस कापून होत आले तेव्हा. त्या सलूनमध्ये समोर आरसा, मागे आरसा, मधे खुर्ची. समोरच्या आरशाखालच्या फळीवर, पावडरचा डबा आणि तुरटी यांच्या मधोमध ती पेटी. दीडेक फूट लांब, काच आतून हिरवी. मान खाली घातली की मला एक मासा दिसायचा, आणि मान वर केली की आरशातल्या आरशात माशांची रांग दिसायची, दूर दूर बारीक होत गेलेली, सगळेच्या सगळे तळाशी एका कुशीवर कललेले. एखादा मासा आजारी असला तर माणूस दुर्लक्ष करतो. चौदा म्हणजे साथ.

पंख अंगाशी घट्ट मिटलेले, थंडीत लोक काखेत हात घालून बसतात तसे. पाण्यावर पावडरची पातळ साय, सायीवर कापलेले बारीक केस. तेवढ्यात तो मासा तळाशी हलला, मोठ्या कष्टाने वर आला, तोंड उघडून त्यातला एक केस आत घेतला, जरा वेळ चघळल्यासारखं केलं, थू करून बाहेर टाकला आणि पुन्हा खाली जाऊन बसला. केस पांढरा होता. सकाळची वेळ होती आणि त्या दिवशी माझ्याआधी एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं.

इथून आमचे संबंध सुरू झाले.

"बिमार दिसते हो हा," मी म्हणालो.

"नाही जी. त्याचा स्वभावच तसा हाय."

पेटीत एक प्लास्टिकचा पाणबुड्या होता. त्याच्या डोक्यातून बुडबुडे निघायची सोय होती, पण बुडबुडे निघत नव्हते. पंप बंद का, असं विचारल्यावर कळलं की पंपाची घुरघुर गाण्यात येते. गिऱ्हाईक गाणं ऐकायला येतं, पंप ऐकायला नाही. भिंतीवर 'खर्रा खाऊन थुंकू नये' अशी पाटी होती. ती माशाला लागू नव्हती, कारण त्याने नुकतंच थुंकून दाखवलं होतं.

मी शाळामास्तर. वर्गात साठ पोरं असतात, त्यांतलं एखादं बाकावर डोकं टेकून बसलं तर तीस वर्षांच्या सरावाने कळतं की याला ताप आहे की याचा गृहपाठ झालेला नाही. या माशाला ताप होता. घरी येऊन जेवलो, झोपलो, उठलो, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सलूनमध्ये गेलो.

आता अडचण अशी की माशाची तब्येत विचारायला सलूनमध्ये जाता येत नाही. दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना माणूस सहा केळी नेतो आणि मोकळा होतो. इथे खुर्चीत बसावं लागतं आणि काहीतरी कापून घ्यावं लागतं. दुसऱ्या भेटीत दाढी केली. तिसऱ्या भेटीत कल्ले सारखे करून घेतले. चौथ्या भेटीत चेहऱ्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून डोक्याला मालिश. एरवी महिन्यातून एकदा, तेही बायकोने दोनदा टोकल्यावर, जाणारा माणूस आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. बायको म्हणाली, "काऊन जी, कुठं पाहुणे येऊन राहिले का तुम्हाले पाहाले?"

सलूनच्या बाकावर गिऱ्हाइकांपेक्षा बसणारे जास्त असतात, हे सगळ्या महाराष्ट्रात सारखंच. आमच्या बाकावर तिघं कायमचे. रेल्वेतून रिटायर झालेले एक डोकरे, सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यात शिफ्टला जाणारा एक पोरगा, आणि मच्छीमार सोसायटीतले एक ढिवर काका. मी विषय काढला मात्र, तिघांनीही माशाकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

डोकरे म्हणाले, वास्तूसाठी ठेवलेला मासा मालकाचं संकट स्वतःवर घेतो. मासा बिमार म्हणजे दुकानावरचं काहीतरी टळून राहिलं. सलूनवाल्या भाऊनं मान डोलावली. समोरच नवीन एसी सलून उघडलं होतं, म्हणजे टळण्यासारखं होतं काहीतरी. मी मनात म्हटलं, हा तर ड्युटीवर आहे, आणि तीही ओव्हरटाइमशिवाय. पोरगा म्हणाला, गोल्डफिशची मेमरी तीन सेकंदांची असते, त्याला दुःख आठवतच नाही. हे त्याला मोबाइलवर कळलं होतं. खरं तर ते साफ खोटं आहे. गोल्डफिशला ठरावीक खुणेनंतर खाणं मिळतं असं शिकवलं तर महिन्यांनीही आठवतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. माझ्या वर्गातल्या साठांपैकी किती जणांविषयी हे छातीठोकपणे सांगता येईल, हा वेगळा प्रश्न.

ढिवर काका मात्र काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "किती वजन असंल याचं?"

हा प्रश्न समजून घ्यायचा तर आमचा जिल्हा समजून घ्यायला हवा. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी लोकांनी आणि गावोगावच्या मालगुजारांनी धानाला पाणी मिळावं म्हणून शेकडो वर्षं तलाव आणि बोड्या बांधल्या. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तेव्हा कागदोपत्री ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले आणि लोकांनी त्याचं 'मामा तलाव' करून टाकलं. पाणी मामाचं, मग मासे कोणाचे, यावर भाच्यांची भांडणं अजून चालू आहेत. तलाव ठेक्यावर घेऊन त्यात बीज टाकायचं, रोहू, कतला, मृगळ वाढवायचे, जाळं टाकायचं आणि किलोवर विकायचं, हा ढिवरांचा धंदा. अशा मुलखात माशाची चौकशी म्हणजे वजनाची चौकशी. माणसाला जसं आधी आडनाव विचारतात.

"चाळीसेक ग्रॅम," मी अंदाज सांगितला.

"मंग किलोवर नाही जात." काकांनी निकाल दिला. पण उठून पेटीजवळ आले, वाकले आणि काचेवर बोट टेकवून म्हणाले, "हे पाहा सर. मरळ वर येते ना, ते दम घ्याले येते. तिले हवेतला दम चालते, म्हणून बाजारात ओल्या पोत्यातबी दिवसभर जित्ती राहते. हा वर आला म्हणजे याचा दम संपला." मग थोडं थांबून, "रोहूच्याच खानदानातला हाय बापा. हाल पाहा त्याचे."

तेव्हा मला कळलं की काकांनी त्याला ओळखलं आहे. गोल्डफिश आणि रोहू खरोखरच एका कुळातले. एकाला चिन्यांनी हजारेक वर्षांपूर्वी अंगणातल्या कुंडात नेऊन सोनेरी केलं, दुसऱ्याला आपण रश्श्यात नेलं. काका सांगत होते की त्यांच्या बाबाच्या काळी मत्स्यबीज कलकत्त्याहून रेल्वेनं, मडक्यांत पाणी हलवत हलवत यायचं. नदीतलं बीज गोळा करण्याखेरीज इलाजच नव्हता, कारण रोहू-कतला तलावाच्या बांधल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ सालच्या १० जुलैला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना तलावातच अंडी घालायला लावली, आणि मडक्यांचा तो प्रवास हळूहळू संपला. शोभेच्या माशांचा प्रवास मात्र संपलेला नाही. त्यांचा मोठा बाजार आजही कलकत्त्यालाच आहे. आमचा पांढरा मासा पिशवीत बसून याच लाइननं वरठीवरून पुढे नागपूरला गेला असेल, आणि दुकानातून पुन्हा मागे वरठीला आला असेल. भंडारा म्हणून उतरणाऱ्या पाहुण्यांसारखंच, थोडं पुढे-मागे.

आता निर्णय घ्यायला हवा होता. मासा वाचवायचा की नाही?

मी आधी कायदा पाहिला. मास्तर लोक नेहमी आधी जी.आर. पाहतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६० साली केलेल्या कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव. म्हणजे त्या सलूनमध्ये कायद्याचं संरक्षण असलेला मासा एकटाच होता. प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा आहे, असंही त्यात आहे. पण अन्न म्हणून गिऱ्हाइकं बिस्किटाचा चुरा टाकत होती, निवारा चार बाजूंनी काचेचा होता, आणि पाण्याचं तर विचारूच नका. त्यातून गोड्या पाण्यातला मासा पाणी पितच नाही. कल्ल्यांतून ते आपोआप आत शिरतं आणि बिचारा दिवसभर लघवी करून ते बाहेर काढत बसतो. केस उभी राहिली असती तर आरोपीच्या वकिलाने तेवढ्या मुद्द्यावर जिंकली असती.

न विचारता उचलून आणला असता तर ती चोरी. विकत मागितला असता तर भाऊनं नवीन मासा आणला असता, म्हणजे मी एकाची सुटका करून दुसऱ्याला त्याच पेटीत डांबलं असतं, वर पैसे देऊन. हा पेच मला इतका पटला की मी चार दिवस काहीच केलं नाही. बुद्धिमान माणसाला स्वस्थ बसायला एक चांगलं कारण पुरतं.

पाचव्या दिवशी मी भाऊला म्हणालो, "निदान पेटी तरी धुवा. किती घाण झाली."

हे वाक्य मी परत घेऊ शकलो असतो तर बरं झालं असतं.

भाऊ मुळात मनाचा चांगला. गिऱ्हाइकानं, तेही सरांनी, इतक्यांदा सांगितलं म्हणताना त्यानं मनावर घेतलं. सोमवारी दुकान बंद असतं. त्यानं मासा मगात काढला, पेटी रस्त्यावर आणून रिकामी केली, कपडे धुवायची पावडर आणि तारेची घासणी घेऊन काच लख्ख केली, खाली पसरलेले गोटेही घासले, पाणबुड्याचे कपडे धुतल्यासारखा पाणबुड्या धुतला, नळाचं ताजं पाणी काठोकाठ भरलं आणि मासा आत सोडला. मंगळवारी मी गेलो तर पेटी अशी चमकत होती की आरशातली माशांची रांग आता चौदाची वीस झाली होती. भाऊ अभिमानानं उभा. "पाहा सर!"

मी पाहिलं. वीसच्या वीस मासे पाण्याच्या वरच्या थरात लटकलेले, तोंडं उघडी, शेपटीत लाल बारीक रेघा.

त्या रात्री जे वाचलं ते आधी वाचायला हवं होतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, आणि अमोनिया त्याचं विष. पण जुन्या पेटीत गोट्यांवर, काचेवर, त्या हिरव्या घाणीत जिवाणूंची एक वसाहत बसलेली असते. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो. ही वसाहत बसायला महिना-दीड महिना लागतो. ती घासून काढली की मासा पुन्हा स्वतःच्याच विषात उघडा पडतो. वर नळाच्या पाण्यात क्लोरीन. थोडक्यात, दोन वर्षं तो मासा जगला तो भाऊच्या दुर्लक्षामुळे, आणि मरायला लागला तो माझ्या काळजीमुळे.

बुधवारी सकाळी मी शाळेच्या आधी सलूनच्या पायरीवर हजर होतो. रंगाची रिकामी बादली घेऊन.

"भाऊ, हा मासा मला द्या. शंभर रुपये घ्या."

"पैसे काऊन जी?" भाऊ दुखावला. मग त्यानं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. हा मासा त्यानं घेतलेलाच नव्हता. बँकेतल्या कोण्या साहेबांची बदली झाली. आमच्याकडे बदलीचं सामान ट्रकमध्ये चढतं तेव्हा तीन गोष्टी कायम खाली राहतात: तुळशीची कुंडी, गंजलेला कुलर आणि माशांची पेटी. साहेबांच्या पेटीत चार मासे होते. तीन आधीच गेले होते. साहेब चौथा नालीत फेकायला निघालेले पाहून भाऊ म्हणाला, राहू द्या साहेब, मी नेतो. "मीच वाचवून आणला जी त्याले," भाऊ म्हणाला.

यावर मी काय बोलणार? वाचवणाऱ्याच्या तावडीतून वाचवायला आलेला मी दुसरा. फरक एवढाच की त्याच्या हातून मासा दोन वर्षं जगला होता आणि माझ्या हातून दोन दिवस.

स्कूटरवर पायांपाशी बादली ठेवून घरी निघालो. रस्त्यात तिघांनी थांबवलं. तिघांनीही बादलीत वाकून पाहायच्या आधी एकच विचारलं: "काय आणलं, सर? किती किलो?"

बायकोनं आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आत पाहिलं. "याच्यासाठी आठ डाव दाढी?" एवढंच म्हणाली. आमच्या संसाराचा हिशेब ती असाच एका वाक्यात मांडते.

एप्रिल लागला होता. विदर्भात एप्रिल लागला की घरातला सगळ्यात थंड आणि सगळ्यात हवेशीर पाण्याचा साठा म्हणजे कुलरची टाकी. पाणी दिवसभर खसावरून ठिबकतं, ठिबकताना हवा घेतं. माशाला याहून उत्तम दवाखाना भंडारा जिल्ह्यात नाही, हा मुद्दा मी मांडला. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, हेही शास्त्रीय कारण दिलं. बायको म्हणाली, "आणि मेला त्याच्यात, तर वास कोणाच्या तोंडावर येईन?" आठवीच्या विज्ञानाचं पुस्तक मी पंचवीस वर्षं शिकवलं, पण इतकं नेमकं प्रतिपादन मला कधी जमलं नाही.

शेवटी धुण्याचा टप मिळाला. अट एक: रविवारी परत.

माझा एक जुना विद्यार्थी नागपूरला मत्स्यविज्ञान शिकतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या नागपुरात २००० साली पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघालं, तेव्हा काही लोक हसले होते. आमच्या तलावांकडे त्यांनी पाहिलं नसावं. मी त्याला फोन लावला. सगळी हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सर, वजन किती आहे?"

"चाळीस ग्रॅम."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली. पण पोरगं गुणी. त्यानं सांगितलं, दुकानातली निळी-पिवळी औषधं आणू नका सर, त्याला औषध नको, पाणी हवं. बादलीत पाणी भरून रात्रभर उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडतं. रोज टपातलं पाव पाणी काढा आणि तेवढंच शिळं पाणी घाला, सगळं कधीच बदलू नका. लिटरमागे एक-दोन ग्रॅम खडे मीठ. आणि दोन दिवस खायला देऊ नका. त्याला खरं पोटच नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं, त्यामुळे थोडं थोडंच द्यायचं.

रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर मीठ मोजून मी टपात टाकत होतो. बायको मागे येऊन उभी राहिली. "मीठ झालं का?" तिनं अगदी सहज विचारलं. "मंग हळद-तिखट कधी टाकायचं ते सांगा."

तीन दिवस मी रात्री दोनदा उठलो. टॉर्च मारून पाहायचो. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे तो झोपला आहे, मेला आहे की माझ्याकडे पाहून राहिला आहे, हे टॉर्चच्या उजेडात कळत नाही. मी पाण्यात बोट घालायचो, मग तो एक पंख जरासा हलवायचा, झोपमोड झालेल्या माणसासारखा. दिवसा स्टाफरूममध्ये मी पेंगायचो. हेडमास्तरांनी विचारलं, घरी कोणी बिमार आहे का. मी हो म्हणालो. कोण, ते त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

चौथ्या दिवशी सकाळी पंख उघडलेले होते.

हे मी जसं लिहिलं तसं घडलं नाही. म्हणजे मी ओरडून बायकोला बोलावलं, ती भिजवलेल्या तांदळाचा हात तसाच घेऊन आली, आणि आम्ही दोघं टपावर वाकलो. पाठीवरचा पंख शिडासारखा उभा होता, शेपटी हातपंख्यासारखी पसरलेली, तिच्यातल्या लाल रेघा फिक्या झालेल्या. तो टपाच्या कडेनं एक पुरी फेरी मारून आला. बायकोच्या बोटावरून एक तांदळाचा दाणा पाण्यात पडला. त्यानं तो तोंडात घेतला, फिरवला, थू करून टाकला, आणि पुन्हा उचलून गिळला.

"नखरे पाहा," ती म्हणाली. आवाज जरा बदलला होता. रविवार आला आणि गेला. टपाचं कोणी नाव काढलं नाही. नवीन टप आला.

पुढे अंगणातल्या पेरूखालच्या सिमेंटच्या टाक्यात त्याला हलवलं. डासाच्या अळ्या तो आवडीनं खातो. आरोग्य खातं हौदात गप्पी मासे सोडायला सांगतं, तेच काम हा बिनपगारी करतो. मी उत्साहाच्या भरात बायकोला सांगितलं की चांगलं ठेवलं तर गोल्डफिश खूप जगतो. इंग्लंडात १९५६ साली एका पोराला जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत होता. त्रेचाळीस वर्षं. तिनं माझं वय आणि त्रेचाळीस यांची बेरीज केली, ती ओठांच्या हालचालीवरून मला कळली. "मंग वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं, ते आताच ठरवून ठेवा," ती म्हणाली.

रंग मात्र आला नाही. उजेड कमी पडला की गोल्डफिशचा रंग उतरतो. अंगणातल्या उन्हात तो परत चढेल अशी माझी आशा होती. डोक्यावर एक केशरी ठिपका मला दिसतो. बायकोला दिसत नाही. ढिवर काका येऊन पाहून गेले. त्यांना ठिपका दिसला नाही, पण तारेवर बसलेला खंड्या दिसला. "आला पाहा आमचा भाऊबंद," ते हसले. या पक्ष्याला धीवरच म्हणतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी जुन्या जाळ्याचा एक तुकडा आणून टाक्यावर स्वतः ताणून बांधला. आयुष्यभर जाळं मासा धरायला वापरलं, राखायला पहिल्यांदाच, असं काहीतरी पुटपुटले. मग टाक्यात वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि जाताना म्हणाले, "पन्नास ग्रॅम झाला असंल."

इथपर्यंत सगळं बरं होतं. मे महिन्यात केस वाढले म्हणून मी सलूनमध्ये गेलो. दारातूनच पाहिलं. पेटी नवी, तीन फूट लांब, आत निळा दिवा. आत दोन गोल्डफिश, लालभडक. गोटे रंगीत. पाणबुड्या जुनाच, बुडबुड्यांशिवाय.

भाऊ लगबगीनं पुढे आला. "सर, पाहा! तुम्ही नेला ना, तवापासून दुकान सुनं सुनं वाटे. मंग म्या विचार केला, तुमच्यासारखा माणूस, महिन्यातून एक डाव येनारा, तो मासोरी पाहाले आठ डाव येते. म्हणजे मासोरीनं गिऱ्हाईक वाढते जी! बसा."

लाल माशांपैकी एक वर आला. पाण्यावर पावडर पडायला लागली होती.

मला अचानक एक काम आठवलं. "येतो नंतर," म्हणालो. ते नंतर दोन महिने आलं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझे केस कॉलरवर आले होते. पोरं मागून काहीतरी नाव पाडून हसायला लागली. बायको म्हणाली, समोरच्या नवीन सलूनमध्ये जा, एसी आहे, आणि मी विचारून ठेवलं, तिथं मासे नाहीत.

गेलो. गार हवा, गुळगुळीत खुर्ची, गाणं अगदी हळू. मी डोळे मिटून मान मागे टेकली. पाण्याचा फवारा बसला, कात्री सुरू झाली. जरा वेळानं कानावर एक बारीक, कोरडा आवाज आला. चिक्. थांबून पुन्हा, चिक्.

मी डोळे उघडले. आरशाच्या वरच्या बाजूला पिंजरा होता. दोन लव्हबर्ड. एक दांडीवर बसलेला. दुसरा खाली, पिसं फुगवून, डोकं पंखात खुपसून.

"काय झालं, सर?" कात्री थांबली.

"काही नाही," मी म्हणालो. "दाढी पण करून टाका."